शेऱ्याचा रकाना

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरच्या संचालक मॅडम, आपले सर्वांत मोठे ग्राहक असलेल्या हॉटेलसमूहाचे खरेदीप्रमुख, सत्कारमूर्ती वाफेकाका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, आणि धुलाई, वाळवणी, इस्त्री विभागांतल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

निवेदकांनी मला चार गोड शब्द बोलायला सांगितलंय. तीन जमतील, चौथ्याची खात्री नाही.

बत्तीस वर्षं या धुलाई कारखान्याचा बॉयलर काकांनी सांभाळला. मी तीन वर्षांपूर्वी आले, आकडेवारीच्या विश्लेषणासाठी. पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, बॉयलर कसा चालतो?" म्हणाले, "पोरी, रुसतो फार. पण गोडीनं घेतलं तर ऐकतो." मी वहीत लिहिलं, 'माहिती उपलब्ध नाही.'

हसा, हसा. पुढे हसू येणार नाही.

काकांच्या नोंदवहीत सात रकाने. वेळ, दाब, तापमान, इंधन, पाणी, कापडाचं वजन आणि शेवटचा, शेरा. पहिले सहा मी संगणकावर घेतले. शेऱ्यात आकडे नव्हते, नुसतं काकांचं अक्षर होतं, म्हणून तो सोडला. त्यावरून आम्ही प्रणाली बसवली. दर तासाला किती वाफ सोडायची ते ती सांगते, आणि किलोमागे किती इंधन जळलं ते बॉयलरच्या खोलीतल्या पडद्यावर दाखवते. वर्षभरात इंधन पाचव्या हिश्शानं उतरलं. पाणीही वाचलं. तीन कारखान्यांतून हॉटेलसमूहाच्या या साहेबांनी आपल्याला निवडलं ते याच आकड्यावर. मला बढती मिळाली. पेढे तुम्ही सगळ्यांनी खाल्लेत.

त्यानंतर मी एक अहवाल दिला. त्यात एक वाक्य होतं, 'अनुभवी बॉयलरचालकाची जागा यापुढे आवश्यक नाही.' काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना आज हा समारंभ का आहे, असं कुणाच्या मनात आलं असेल, तर उत्तर ते वाक्य आहे.

गेल्या आठवड्यात जुन्या वह्या रद्दीत द्यायच्या होत्या. मी सहज एक उघडली. प्रणाली बसल्यानंतरही काका शेरा लिहीतच होते. वाचून दाखवते. 'यंत्र म्हणते वाफ वाढवा. ट्रॉलीत नुसत्या चादरी. वाढवली नाही.' खाली, 'यंत्र म्हणते पुरे. टॉवेल आहेत, ओले राहतील. थोडी दिली.' पानोपानी हेच! प्रणालीला कापडाचं वजन कळतं, पण टॉवेल पाणी धरून ठेवतो आणि चादर ठेवत नाही, हे तिला कोण सांगणार? काका खिडकीतून ट्रॉल्या बघायचे. पडद्यावर किलोमागचा आकडा दिसायला लागल्यावर त्यांना चेव आला, एवढाच काय तो माझा हातभार.

मग मला ते बारा दिवस आठवले. काका आजोबा झाले तेव्हा रजेवर होते, आणि इंधन जुन्या आकड्यावर गेलं होतं. मीटर बिघडला असेल असं धरून मी ते दिवस हिशेबातून गाळले होते.

मंगळवारी मी बॉयलरच्या खोलीत गेले. "काका, तुम्ही बोलला का नाहीत?"

"लिहिलं होतं की."

"कुठे?"

"शेऱ्यात."

बोलून त्यांनी मला बसायला स्टूल पुसून दिलं. मला तिथे बसवेना.

हे मी वरही सांगितलं. उत्तर आलं, "हार आलेत, कार्यक्रम होऊन जाऊ दे." अध्यक्ष महोदय, मी घाबरलेय. साहेब समोर बसलेत, माझी नोकरी तुमच्या हातात आहे. पण सोमवारी काका नसतील, यंत्र म्हणेल तेवढी वाफ सुटेल, आणि आकडा कुठवर चढेल ते मला बारा दिवसांवरून ठाऊक आहे. ज्या आकड्यावर आपण सगळ्यांच्या पुढे आहोत, तो आत्ता हार घालून खुर्चीत बसलाय.

म्हणून माझ्या अहवालावर मीच शेरा मारलाय. 'निष्कर्ष चुकीचा. जागा आवश्यक.' खाली सही आहे. हा कागद आपल्यासमोर ठेवते.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना काही चुकलं असेल तर पोटात घालावं, असं शेवटी म्हणायचं असतं. बोलताना चुकलं की नाही, कळत नाही. लिहिताना चुकलं, हे नक्की. त्याची माफी मागते, काका, आणि काकू, तुमचीही.

कार्यक्रमपत्रिकेत यानंतर 'बॉयलरच्या खोलीची चावी सुपूर्द करणे' असं लिहिलंय. काका, अध्यक्ष महोदय तो कागद वाचून होईपर्यंत चावी खिशातच राहू द्या.