क्ष अधिक दहा

नुकुअलोफाच्या बँकेत रांग दारापर्यंत आली होती. लासीनेच्या पुढे एक बाई आणि तिची शाळकरी मुलगी. मुलीनं पैसे काढायच्या स्लिपच्या मागे समीकरण मांडलं होतं. लासीनेला ऐकायचं नव्हतं, पण रांगेत कान थोडेच झाकता येतात?

“बघ आई, आपल्याकडे आठशे पांगा. घरखर्च चारशे, माझा चष्मा दीडशे. उरले ते क्ष, चर्चची देणगी. क्ष बरोबर अडीचशे.”

“असं कसं? फिफितापेक्षा दहा जास्त हवेत. पाळक भर चर्चमध्ये नावानिशी आकडे वाचतात.”

“बरं, फिफिताकाकूंचा आकडा य. मग क्ष बरोबर य अधिक दहा. त्या किती देणार?”

“आपल्यापेक्षा दहा जास्त. दर वर्षी तिचं हेच असतं.”

“म्हणजे य बरोबर क्ष अधिक दहा. आई, याला उत्तरच नाही!”

“नाही कसं? पाळकांना दर वर्षी मिळतंय की.”

“आणि माझा चष्मा?”

“पहिल्या बाकावर बस म्हटलं ना तुला? अगं, ती बघ, खिडकीपाशी फिफिताच स्लिप भरतेय. चांगली मोठ्या अक्षरात लिहितेय. मी टक लावून बघितलं तर तिला कळेल, तूच आकडा वाच पटकन.”

“कुठंय?”

“ती काय, लाल झग्यातली!”

“मला नुसतं लाल दिसतंय.”

रांग एक पाऊल पुढे सरकली.

“चष्मा कितीला म्हणालीस गं?”