तिसऱ्या पायरीचा फोन

हॅलो?

हॅलो… हो, वाचनालयच. मी रावजी बोलतोय. कोण?

सखूवहिनी! अहो, तुमचा फोन येईल असं वाटलं नव्हतं… नाही, नाही, कामात कसला? सगळा गाव आंबे उतरवतोय, दुपारचं कोण येणार पुस्तक बदलायला? एकटाच बसलोय… बोला ना.

हॅलो? वहिनी, आवाज तुटतोय. गोठ्याच्या पायरीवर या जरा, तुमच्याकडे तिथे रेंज बरी असते… हां. आता येतोय.

चिठ्ठी मिळाली ना माझी?… हो, मीच लिहिली… फोन का नाही केला म्हणजे… म्हटलं, तुम्ही कामात असाल, उगाच कशाला… हसा. हसा तुम्ही. गुणाजी काय म्हणायचा ते आठवलं ना? "हा रावजी फोन लावायच्या आधी दाराशी चपला काढतो."

हो. म्हणायचा खरा.

काय?… नाव खोडू? कोणाचं नाव?

पुराच्या साखळीतलं? तुमचं?

अहो वहिनी, असं काय एकदम… थांबा. चिठ्ठीत मी नीट लिहिलं नसेल. माझं हे असंच होतं, चार पानं लिहितो आणि मुद्दा राहून जातो. ऐका ना. तुम्हाला वगळायचं असं कुठेही लिहिलेलं नाही मी. उलट… हो, हो, पंधरा जूनपासून. कंपनीचा तसा मेसेजच आहे. आपल्या टॉवरवरचं जुनं नेटवर्क पंधरा जूनला बंद होणार. त्यानंतर जुना फोन म्हणजे नुसता डबा. घड्याळ दिसेल त्यात, बस. मला आधी खरं वाटेना, म्हणून रत्नागिरीला जाऊन आलो. मारुती मंदिरापाशी दोन दुकानांत विचारलं. मग पुन्हा पहिल्या दुकानात जाऊन विचारलं… हो, माझा विश्वास बसत नाही लवकर. त्या पोराने शेवटी पाणी दिलं मला प्यायला.

तर म्हणून ती यादी काढली. साखळीत आपली अकरा घरं. त्यातल्या सहांकडे जुने फोन. पाच जणांनी बदलले. धोंडूबाईनेसुद्धा बदलला, वहिनी! तिने सांगितलं, "मेल्या, चांगला चालता फोन टाकायला लावलास." पण बदलला.

राहिलात तुम्ही.

रूपेशने मुंबईहून पाठवला ना नवा?… मग?… खोक्यातच? देवाच्या फळीखाली?… अहो, बटणांचाच आहे तो. बोटाने घासायचं वगैरे काही नाही. मी त्याला मुद्दाम सांगितलं होतं, आईला बटणांचा पाठव… नाही, पाठवायला मी नाही सांगितलं, त्याने आपणहून विचारलं. मी फक्त… बरं, सांगितलं मी. रागावू नका.

फोनचा राग नाही? मग कशाचा?

…

वहिनी, जुन्या फोनबरोबर तुमचं नाव कसं जाईल? तुम्ही गेलात तर साखळी मधेच तुटते… हो, तुम्हाला पाठ आहे, मला ठाऊक आहे. तरी म्हणतो, ऐका. घाटाची वरून तिसरी पायरी बुडाली की संदेश मला फोन करणार. त्याची गिरण नदीवरच्या साकवाला लागून, त्याला खिडकीतून पाणी दिसतं. मी वरच्या वाडीला करणार आणि तुम्हाला. आणि तुम्ही खालच्या चार घरांना. ती चार घरं नदीला अगदी टेकलेली, वहिनी. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, वाचनालयाच्या दारात उभा राहून हाक मारली तर पिंपळावरचा कावळासुद्धा उडत नाही. तुमची हाक थेट खाली पोचते. फोन नाही उचलला कुणी, तरी तुम्ही आहात म्हणून…

हेतल? हेतलचं बाळ चार महिन्यांचं. तिचं घर तुमच्याहून खाली. तिने आधी पोर उचलायचं की फोन फिरवायचे?

सुजय तर दिवसभर संगमेश्वरात, दुकानात. तो नाही, दुसरं कुणी नाही. मी सगळ्या नावांवर विचार केलाय. दोन-दोनदा.

काय म्हणालात? मोठ्याने बोला जरा…

असं नका म्हणू.

वहिनी, असं नका म्हणू. तुमच्या हातून काही झालेलं नाही… नाही. नाही. मी उगाच समजूत घालत नाहीये. पुराच्या दिवशी तुम्ही मागे लाकडं फोडत होता, फोन आत फळीवर होता, तो वाजला आणि ऐकू आला नाही. आलाच नसता. लाकडं फोडताना कुणाला…

हो. तुम्ही म्हणता तेही खरं. तीन-पाचला तो फोन ऐकला असतात, तर तुम्ही मळ्याकडे धावला असतात. हाक मारली असतीत. हाक पोचते तुमची, हे मीच आत्ता म्हणालो.

…

आहे. इथेच आहे. कागद चाळतोय. तुमच्याशी काय बोलायचं ते लिहून ठेवलं होतं, मुद्दे काढून. त्यात हे नाही.

वहिनी, ऐकता का? एक विचारतो. गुणाजी घरातून कधी निघाला त्या दिवशी?… तीनच्या आधी. बरोबर. चहासुद्धा न घेता… हो, रेडकू सोडायला. मळ्यात बांधलेलं होतं. आणि दोन-चाळीसला? दोन-चाळीसला तो कुठे होता?… पडवीत. झोपलेला… घोरत होता? हो, घोरायचा तो. वाचनालयाच्या बाकावरसुद्धा घोरायचा, समोर वर्तमानपत्र धरून.

का विचारतोय… कारण तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, म्हणून मीच विचारतोय. संदेशचा फोन मला किती वाजता आला होता, हे कुणीच मला विचारलं नाही. पोलीसपाटलांनी नाही, रूपेशने नाही. सगळ्यांनी धरून चाललं, की त्याचा आला असेल आणि मी लगेच लावला असेल.

दोन-चाळीसला आला.

…दोन वाजून चाळीस मिनिटांनी, वहिनी. पुस्तकांच्या देवघेवीच्या वहीत लिहिलेलं आहे. समोरच आहे वही. मला सवय ना, काही झालं की आधी लिहायचं. "दोन चाळीस. संदेश. तिसरी पायरी गेली." आणि त्याखालच्या ओळीवर, "तीन पाच. सखूवहिनींना फोन. उचलला नाही."

मधे काही नाही. मधली ओळ कोरी आहे.

…

हॅलो?… वहिनी?

रेंज गेली का?… आहात. बरं. बोलला नाहीत तरी चालेल. ठेवू नका फक्त.

…

काय करत होतो म्हणजे… फोन हातात घेऊन बसलो होतो. तुमचा नंबर काढून. हिरवं बटण दाबायचं, एवढंच राहिलं होतं.

नाही, संदेशवर अविश्वास नव्हता. आधीच्या आठवड्यात मी सगळ्यांना उठवलं होतं, आठवतं? तिसरी पायरी बुडाली म्हणून. तुम्ही सगळे गुरंढोरं, भांडी घेऊन शाळेत चढलात आणि तासाभरात पाणी उतरलं. धोंडूबाई भर शाळेत म्हणाली, "जेवणावरून उठवलंस मेल्या, माशांचं कालवण मांजराने खाल्लं." सगळे हसले. गुणाजी हसला. मीही हसलो. मग घरी येऊन जेवलो नाही.

हो, एवढ्यावरून. एवढंच कारण. सांगताना किती लहान वाटतं ते. पुन्हा फोन करायचा, पुन्हा पाणी उतरायचं, पुन्हा हसायचे… आणि गुणाजी जेवून पडलेला असणार. तीनला उठतो तो, हे मला माहीत. म्हटलं, वीस मिनिटांनी काय होतंय, उठल्यावर लावू. माणसाची झोप कशाला मोडा.

त्याची झोप मोडू नये म्हणून थांबलो मी, वहिनी.

आणि तो तीनच्या आधीच उठला.

…

हो. रेडकू आलं. ते मी पाहिलं. सोडलं होतं त्याने. ते भिजून शाळेच्या पायरीपाशी उभं होतं आणि सगळे म्हणत होते, आता तोही येईल मागून.

…

रडा. मी थांबतो.

…

नाही, रूपेशला माहीत नाही. कुणालाच नाही… बाराव्याला सांगणार होतो. तसाच निघालो होतो घरून, वही पिशवीत घालून. तुम्ही पडवीत खांबाला टेकून बसला होता. मला बघून म्हणालात, "भाऊजी, तुमचा फोन वाजला होता हो. मीच मेलीने ऐकला नाही." आणि मी मान हलवली. दुसरं काही केलं नाही. नुसती मान हलवली आणि पाच वर्षं काढली. पुस्तकं लावत बसलो. आज तुम्ही नाव खोडा म्हणाला नसतात तर कदाचित अजूनही… मला माहीत नाही. मी तेवढ्या धैर्याचा माणूस नाही.

म्हणून म्हणतो, तुमचा काही दोष नव्हता. त्या फोनचाही नव्हता. तो फोन बिचारा वाजला, पण मीच उशिरा वाजवला.

…

हो.

हो, वहिनी.

बोला. आणखी बोला. मी ऐकतोय.

…हो, ते तुम्ही म्हणालात तेच बरोबर. खोडायचं तर माझं नाव खोडायला हवं. ते मी ठरवलंयच. साखळीच्या कागदावर माझ्या जागी सुजयचं नाव… हो, तो संगमेश्वरात असतो, मीच म्हणालो मघाशी. पण फोन तर खिशात असतो ना त्याच्या. मी शिकवीन त्याला, तो…

काय?

नको म्हणता?… अहो, पण आत्ता तुम्हीच… हो. हो, मी दिवसभर इथेच बसलेला असतो, ते खरं. मी कुठे जातो? देवरुखलासुद्धा वर्षातून एकदा.

पळून जाऊ नको म्हणता. बरं… नाही, "बरं" नुसतं तोंडदेखलं नाही. कळलं मला.

हो. तिसरी पायरी म्हटलं, की लावायचा. झोपलेले असा, जेवत असा, आंघोळीला बसलेले असा… पाणी नाही आलं तर नाही आलं. हसतील. हसू देत. शिव्या खाईन धोंडूबाईच्या… हो, कालवणाचे पैसे देईन तिला. मांजरालाही देईन.

हसलात का?… नाही? मला वाटलं. चुकलं माझं.

माफ करा असं मी म्हणणार नाही, वहिनी. ते मागायचा मला… हो. नाही म्हणत. तुम्ही म्हणता तसं. तो विषय तुमचा. तुम्हाला वाटेल तेव्हा, नाही वाटलं तर नाही. रूपेशला मात्र मीच सांगतो. आज संध्याकाळी. तुम्ही नका सांगू, ते ओझं मी उचलतो… लिहून नाही, तोंडाने सांगेन. फोन करून.

कसला आवाज येतोय?

खोका?… आत गेलात? उघडताय? आत्ता?

अहो, सुरी नको, नुसती चिकटपट्टी आहे त्याला, नखाने निघेल… निघाली? सिम आतच घातलंय रूपेशने. चार्ज करून पाठवतो म्हणाला होता. वर उजवीकडे लाल बटण आहे, ते दाबून धरा. सोडू नका लगेच… आला उजेड? गाणं वाजेल एक छोटंसं… वाजलं. मला इथवर ऐकू आलं.

नंबर आहे माझ्याकडे. नवा आहे तो, रूपेशने कळवलाय. साखळीच्या कागदावर लिहिलेला आहे, हा काय, समोरच… पेन्सिलीने. तुम्ही नाही म्हणालात तर खोडायला सोपं म्हणून… हो. तसाच आहे मी.

शाईने लिहितो. लिहितो, वहिनी, आत्ताच. हे बोलणं झालं की…

काय? आत्ता लावू?

पण आत्ता सव्वादोन होतायत, तुमची जरा पडायची… नाही. नाही, विचारत नाही. लावतो.

थांबा, काय करताय? नवा फोन कुठे ठेवताय?… फळीवर. त्याच?… आणि तुम्ही मागे जाणार, लाकडांपाशी.

बरं.

हो, कळलं. किती लांबवर ऐकू येतो, ते बघायचंय तुम्हाला… नाही आला तर परत लावीन. तुम्ही उचलेपर्यंत लावत राहीन. दिवस मावळला तरी.

नाही, वहिनी. चपला पायातच आहेत.

जा तुम्ही मागे. मी ठेवतो… ठेवला.