मांजरपाटावर मांडलेलं इंजिन

समुद्रपूरची आणि बाहेरगावाहून आलेली सगळी मंडळी, वडीलधारे, आयाबहिणी, आणि समोर बसलेल्या वहिनी,

मला बोलता येत नाही असं इथं कोणी म्हणणार नाही. ग्रामपंचायतीच्या सभेत माइक नसला तरी माझा आवाज नाल्यापलीकडे जातो. पण चार दिवसांपासून मी घरी बोलून पाहतोय, वावरात बोलून पाहतोय, बैलांपुढेसुद्धा बोललो. दर वेळी पहिल्याच वाक्याला अडतो. कारण पहिलं वाक्य आहे, दिगांबर ढगे गेला. ते मला म्हणता येत नव्हतं. आता म्हणून झालं. आता पुढचं बोलतो.

माझ्याआधी बोलणाऱ्यांनी सांगितलं की दिगांबरभाऊ सचोटीचे कापड दुकानदार होते, मोजताना मीटरमागं दोन बोटं जास्तच द्यायचे. खरं आहे. पण मंडळी, तो सहा दिवस कापड मोजायचा तो सातव्या दिवसाकडे डोळे लावून. रविवारी दुकान बंद आणि घरामागचा गुरांचा कोठा उघडा. कोठ्यात गुरं नव्हती. कोठ्यात मोटार होती.

ती मोटार कशी आली हे जुन्या लोकांना आठवत असेल. मोठा दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. हिंगणघाटला एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात, बाभळीखाली, एक जुनी विलायती मोटार उभी होती. मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. दिगांबरनं ती पाहिली आणि तडक माझ्या घरी आला.

"माधवा, तुही बैलजोडी दे."

मी म्हटलं, "काऊन? वखरणी तर झाली."

"मोटार आनाची हाय."

गेलो. दोरखंडानं जू मोटारीला बांधलं. मी बैलांपुढे पायी, हा आत स्टिअरिंग धरून बसलेला, अंगात धुतलेला सदरा. सकाळी निघालो ते दिवेलागणीला गावात शिरलो. रस्त्यावर वळण आलं की हा खिडकीतून हात बाहेर काढून इशारा करायचा. मागं कुत्रंसुद्धा नाही. मी म्हटलं, "कोनाले हात दाखवून राह्यला बे?" तर मोठ्या गंभीरपणे म्हणाला, "कायदा हाय माधवा. बैल ओढो का इंजिन ओढो, गाडी ते गाडी." गावातली पोरं वरात समजून मागं लागली होती. हासा, मंडळी. त्याला राग येणार नाही. तो स्वतःच ही गोष्ट सांगताना सगळ्यांत आधी हसायचा.

त्या दिवसापासून बारा वर्षं आम्ही तिघं रविवारी त्या कोठ्यात. दिगांबर, मी, आणि आपले शेषराव. शेषराव एस.टी.वर ड्रायव्हर, तिकडं खांबाजवळ खाली मान घालून बसले आहेत. त्यांना मी म्हटलं, तुम्ही बोला, तुम्ही अनुभवी माणूस. त्यांनी दोन्ही हात जोडले.

मोटार चालायची कमी, खोलली जायची जास्त. अल्लीपूरपर्यंत ती एकदाच गेली. परत येताना माझ्याच बैलांना तिच्या पुढं जुंपावं लागलं. लोक विचारायचे, ढगे शेठ, हिचा तुम्हाला फायदा काय? एकदा आमच्या सरपंचांनी विचारलं, तेव्हा दिगांबर म्हणाला, "सरपंच, तुमी रोज सकाळी देवळात जाता. काय फायदा होते? तरी जाताच ना?" सरपंच इथंच आहेत. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

आता मी तुम्हाला त्याची काम करायची रीत सांगतो. नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

इंजिन खोलायचं झालं की दिगांबर दुकानातून कोरा मांजरपाट आणायचा आणि जमिनीवर अंथरायचा. इंजिनातून जी वस्तू आधी निघाली ती डाव्या हाताला पहिली, मग दुसरी, मग तिसरी. चार पिस्टन दिसायला सारखेच. आठ वॉल्व्ह दिसायला सारखेच. पण ज्यानं इतकी वर्षं ज्या घरात काम केलं, त्याला तेच घर लागतं. अदलाबदल झाली की इंजिन धड चालत नाही. म्हणून त्याचा कायदा होता. कापडावरची वस्तू जागची हलवायची नाही. मी एकदा सहज एक पिस्टन उचलून पाहिला, तर माझ्या हातावर चापट मारली त्यानं. या वयात! म्हणाला, "पाहाचं असन तर डोयानं पाह्य."

आणि दुसरी गोष्ट. रविवारी आम्ही काम सोडून जायचो तेव्हा कापडावरचं सगळं तेलानं काळंकुट्ट. पुढच्या रविवारी यावं तर प्रत्येक वस्तू रॉकेलनं धुतलेली, पुसलेली, चकचकीत, आणि बरोबर आपापल्या जागी. शेषराव दर वेळी म्हणायचे, "दिगांबरभाऊ, तुमच्या हाताले जादू हाय." दिगांबर लगेच हात पुसायचा. चहा आला का, म्हणून दाराकडं पाहायचा.

चहा यायचा. वहिनी ताट उंबऱ्यावर ठेवायच्या आणि जायच्या. बारा वर्षं चहा उंबऱ्यावर आला. बारा वर्षांत आम्ही एकदाही म्हटलं नाही, वहिनी, आत या. कोठा आमचा होता ना! पुरुषांचा!

मंडळी, गेल्या बुधवारी नाही, त्याच्या आधीच्या बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच दिगांबरच्या छातीत कळ आली. शेजारचा माणूस मला बोलवायला माझ्या घरी पोचेस्तोवर सगळं आटोपलं होतं. छप्पन्न वर्षांचा माणूस. इंजिन कोठ्यात पूर्ण खोललेलं. सगळा मांजरपाट भरलेला.

मग गावोगावचे लोक यायला लागले. घर लहान. अंगण भरलं. लोक उन्हात उभे. मी म्हटलं, कोठा मोकळा करा, तिथं सतरंजी टाका, लोकांना बसू द्या. कोणीतरी म्हणालं, तिथं सामान आहे. मी म्हटलं, मी काढतो. मीच गेलो. मांजरपाटाचे चारही कोपरे धरले, गाठोडं बांधलं आणि पोत्यात ओतलं. बारा वर्षं ज्या कोठ्यात मी बसलो, जिथं एक पिस्टन उचलला म्हणून चापट खाल्ली, तिथं मी हे केलं. या हातांनी. दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्याला मी बदडलं असतं. का केलं? मला कळत नाही. मित्र समोर ओसरीत निजवलेला होता आणि मला फक्त एवढं सुचत होतं की लोकांना बसायला जागा पाहिजे.

दहावं झालं त्या दिवशी दुपारी मी आणि शेषराव कोठ्यात गेलो. पोतं उघडलं. दोन तास बसलो. मी म्हणायचो हा पहिला, ते म्हणायचे हा तिसरा. आवाज चढले. शेवटी शेषरावांनी हातातला पिस्टन खाली ठेवला आणि म्हणाले, "माधवभाऊ, तीस वर्सं मी गाडी चालवली. मले चालवता येते. जोडता येत नाई." आणि रडायला लागले.

हिंगणघाटचा भंगारवाला तोवर एकदा येऊन पाहून गेला होता. मी मनाशी ठरवलं की द्यावी. उगाच डोळ्यांसमोर मढं कशाला ठेवायचं? म्हणून माजघराच्या दारात जाऊन मी खाली पाहत वहिनींना सांगितलं, "वहिनी, गाडी आता काही होत नाई. माह्याच हातून घोळ झाला. तुमी म्हनसान तर देऊन टाकू."

वहिनींनी पदर सावरला. उठल्या. मागच्या दारानं कोठ्याकडे गेल्या. मंडळी, दहाव्याचा दिवस, बाई घराबाहेर निघाली म्हणून आतल्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. वहिनी उंबरा ओलांडून आत गेल्या, पोत्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, दुकानातून कापड आना."

मी मांजरपाट फाडून आणला. अंथरला. वहिनींनी पोत्यात हात घातला.

"हा दुसरा. याले इथं खरचटलं हाय, पाहा. हा चवथा. हा तेलानं लय काया होते, याले दोनदा धुवा लागे. हा वॉल्व्ह काठाले जयलेला हाय, हा मांगून दुसरा."

शेषराव आणि मी भिंतीला टेकून उभे. दिवेलागणीपर्यंत कापड भरलं. डावीकडून उजवीकडे. एका वॉशरसाठी त्या पाच मिनिटं थांबल्या, मग तोही ठेवला.

मी विचारलं, "वहिनी, हे तुमाले कसं?"

म्हणाल्या, "बारा वर्सं कोन धुवे मंग? त्यायले दुकानातून सवड कुठं होती? शनवारी दुपारी मी बसो. एकएक उचलाचं, धुवाचं, तिथंच ठेवाचं."

"मंग दिगांबर कधी बोलला काऊन नाई?"

"मीच म्हनलं होतं सांगू नका. बाईमानूस मोटार धुते म्हनलं तर तुमचे दोस्त हासतीन."

मंडळी, आम्ही हसलो असतो. खोटं कशाला बोलू? आणि गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलू नये म्हणतात, पण दिगांबर, तूही चुकलास. बायकोनं नको म्हटलं तरी आम्ही तुझ्या हाताला जादू म्हणत होतो, तेव्हा तू चहाकडे पाहायला नको होतं.

मग वहिनींनी आणखी एक सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी आत बसून होती. मले आवाज आला. खणखण. मले समजलं तुमी काय करून राह्यले. पन भाऊ, त्या दिवशी मी कशी बोलू?"

कशी बोलणार? नवऱ्याचं प्रेत ओसरीत. भोवती बाया. त्या दिवशी बाईनं फक्त रडायचं असतं. बारा वर्षांचं तिचं काम तिच्या कानांदेखत एक माणूस पोत्यात ओततोय, तो माणूस नवऱ्याचा जिवलग म्हणवतो, आणि तिनं ओरडून "थांबा" म्हणायचं नाही.

वहिनी, आज सगळ्या गावासमोर मी तुमची माफी मागतो. हात जोडून मागतो.

आता एक मागणं आहे, ते वहिनींकडे नाही, तुमच्याकडे आहे. गाडी भंगारात जाणार नाही. ती जोडायची आहे. शेषराव पाना फिरवतील, मी पडेल ते काम करीन, पण कोणती वस्तू कुठं, हे सांगणारं माणूस एकच आहे. मी वहिनींना म्हटलं, रविवारपासून कोठ्यात आमच्यासोबत बसा. त्या म्हणाल्या, "मले यावं वाटते भाऊ. पन लोक काय म्हनतीन? पंधरा दिवस नाई झाले, अन् बाई गड्यायसंग मोटार जोडत बसली, म्हनतीन."

लोक म्हणजे कोण? तुम्हीच. सगळे इथं बसले आहात. सरपंच आहेत, ढग्यांचे भाऊबंद आहेत, माळीपुऱ्यातल्या आजीबाई आहेत, ज्यांच्या तोंडाला मीसुद्धा भितो. म्हणून आताच विचारतो. उद्या पारावर, परवा विहिरीवर कुजबुज नको. ज्याला ज्याला यात वावगं वाटत असेल त्यानं आत्ता उभं राहावं आणि वहिनींच्या तोंडावर सांगावं. मी थांबतो.

थांबलो आहे, मंडळी. घाई नाही.

अजून कोणी?

वहिनी, मान वर करा. पाहा. कोणी उठलं नाही.

बरं. आता उठू या. सगळेच उठू या, दिगांबरसाठी. वहिनी, तुम्हीही उठा. दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही, आणि मी तर मुळीच नाही.

दिगांबर, रविवारी सकाळी येतो बाप्पा. तिघं येतो.