सगळ्यात सेफ गाडी

गाडी घ्यायची तर सेफच घे, असं कोण सांगाय लागला, तर आधी माझं ऐक.

थोरला भाऊ मोटरसायकलवरनं पडून गेला, तवा आईनं जोतिबाची शपथ घातली, "ह्या घरात परत दोन चाकं न्हाईत." म्हणून मी ती परदेशी गाडी घेतली. शोरूमवाला म्हणला, "साहेब, आजोबांच्या काळापासनं कंपनी गाड्या भिंतीवर आपटून बघतीया." आपटल्या असतील की, पण रस्त्यावर चालवून कुणी बघितल्याच न्हाईत! वरसात पाच वेळा बंद पडली. आई मात्र दारात उभ्या गाडीतबी पट्टा लावून बसायची.

परवा तिच्या छातीत कळ आली. कोडोलीतनं कोल्हापूरला दवाखान्यात घेऊन निघालतो, तर मधेच गाडी गचके देऊन थांबली. पडद्यावर अक्षरं आली.

"काय म्हणतीया?" आईनं विचारलं.

"सुरक्षित जागी थांबा म्हणतीया."

तेवढ्यात एक मोटरसायकलवाला थांबला. "पावणं, मावशीस्नी बसवा की माझ्या मागं. दवाखान्यात सोडतो."

मी तिच्या बाजूचं दार उघडलं. आई उतरली, त्याच्या मागं बसली, आणि सवयीनं खांद्यावर हात न्हेऊन पट्टा हुडकाय लागली.