आण्णाच्या डोक्यावरनं गेलेलं विमान

आमच्या घराण्यानं आभाळाची सेवा केली, असं म्हटलं तर खोटं न्हाई. म्हंजे उसावर फवारणी करायला विमान यायचं तवा मी त्यात औषध भरायचो, आन माझा थोरला भाऊ, आण्णा, खाली रानात बांबूला पांढरं फडकं बांधून उभा राहायचा. वरच्या माणसाला कळायला पायजे ना, कुठल्या पट्ट्यावरनं जायचं ते. विमान डोक्यावरनं गेलं की आण्णानं मोजून पावलं टाकायची आन पुढच्या पट्ट्याला उभं राहायचं. आभाळाची सेवा ती एवढीच.

मूळचं आमी कवठे महांकाळच्या बाजूचं, मेंढरं राखणारी माणसं. बा कृष्णाकाठाला लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आला आन हितंच राहिला. मेंढरामागं जायचं न्हाई म्हणून आमी दोघं विमानामागं गेलो. काय सांगू तुमाला, पिवळंधमक विमान, पोरीसोरी घरावर चढून बघायच्या. सगळ्या पंचक्रोशीनं बघितलं, फक्त आण्णानं न्हाई. कारण ते डोक्यावर आलं की औषध अंगावर पडायचं, म्हणून आवाज जवळ आला की त्यानं एका हातानं बांबू धरायचा, दुसऱ्यानं टॉवेल तोंडावरनं ओढायचा, डोळं मिटायचं आन खाली बसायचं. टॉवेल काढावा तर विमान गेलेलं. आन ते औषध भरलेलं कुणी, तर मी.

पुढं विमान यायचं बंद झालं. मी शिरवळला कारखान्यात फिटर म्हणून लागलो, तिथंच म्हातारा झालो, रिटायर होऊन गावी आलो. बघतो तर आण्णाचा उजवा डोळा गेलेला. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, डावाबी जाईल, सावकाश. मी विचारलं, त्या औषधानं का? ते म्हणाले, तसं काय सांगता येत न्हाई. त्यानंतर मी ते कुणाला विचारलं न्हाई.

एकदा जेवताना आण्णा म्हणाला, बाळू, डोळा हाय तवर ते विमान डोक्यावरनं जाताना बघायचंय रं, उघड्या डोळ्यानं. मी म्हटलं, विमान कुठनं आणू आता? तर म्हणतो, मग फिटर कसला तू, नुसताच पगार खाल्लास व्हय?

लागलं मला ते. त्या विमानाचा जुना एक फोटो होता, त्यावरनं लहान विमानाची मापं काढली. पुण्यातनं हलकं लाकूड आणलं, मोटार, बॅटरी, रिमोट आणला. पंखाच्या ह्या टोकापासनं त्या टोकापतूर माझ्या पसरलेल्या दोन हातांएवढं. सहा म्हैन्यात उडंल असं झालं. पण माझ्यातला फिटर गप बसंना. मूळच्या विमानावर पत्रा जोडायचे रिव्हेट होते, बारीक बोथट खिळ्यांवाणी, ते मी सुईनं डिंकाचा एकेक ठिपका ठेवून केले. फवारणीच्या नळीला भोकं पाडली, ती बुजवून पुन्हा पाडली. आण्णा म्हणायचा, आरं खालनं रिव्हेट कुणाला दिसत्यात, उडव की. मी म्हणायचो, काम म्हंजे काम. दोन दिवाळ्या गेल्या. कारखान्यात माझ्या हातनं कवा काम उशिरा झालं न्हाई, हितंच झालं.

उडवायच्या दिवशी डाव्या डोळ्याला समोरचा माणूस नुसता सावलीवाणी दिसत होता. तरी आभाळात पिवळं काय गेलं तर दिसंल, एवढी आशा. ऊस तुटलेल्या रानात आण्णा बांबू घेऊन उभा राहिला, ताठ, पाव्हणे येणार असल्यागत. वैनींनी विमानाला कुंकू लावलं, नारळ फोडला, आन नव्या ट्रॅक्टरला बांधत्यात तसं शेपटीला लिंबू-मिरची बांधली. आता तोल असा असतो, पंखाखाली दोन बोटं धरली की विमान आडवं राहिलं पायजे. त्यासाठी नाकात शिशाचे तुकडे मी काट्यावर तोलून बसवलेले. शेपटीला लिंबू म्हंजे काय होणार, हे मला बघताक्षणी कळलं. मी म्हटलं, वैनी, हे सोडू का? त्या म्हणाल्या, भावजी, दोन वर्षं राबलाय, दृष्ट न्हाई का लागायची? तिकडनं आण्णा ओरडतोय, आण की रं लवकर, हात दुखाय लागला. ज्यानं एका ठिपक्यासाठी आठवडा घालवला, तो मी म्हणालो, ऱ्हाऊ द्या लिंबू.

उठलं चांगलं. मग नाक वर, आणखी वर, जागच्या जागी थांबल्यागत झालं आन कलंडून शेजारच्या उसात पडलं. आण्णापतूर अजून चाळीस पावलं राहिली होती. मी त्याच्याकडं बघितलं तर तो खाली बसलेला, टॉवेल तोंडावर. मोटारीचा आवाज आला तसा हातानं आपलं जुनं काम केलं होतं.

टॉवेल काढून म्हणाला, गेलं का रं वरनं? वैनी माझ्याकडं बघाय लागल्या. मी म्हटलं, गेलं आण्णा. तर म्हणतो, लय खालनं नेलंस, वारा लागला मला.

खरं बोललो असतो तर लगेच नीट करून दुसऱ्यांदा उडवता आलं असतं. गेलं म्हटल्यावर घाई कशाची दाखवणार? चोरून दुरुस्त करत बसलो, तवर डावा डोळाबी गेला. आता रोज संध्याकाळी आमी दोघं पारावर बसतो. देव त्याला सुखात ठेवो. येईल त्याला तो त्या विमानाचं सांगतो आन मी व्हय म्हणतो. परवा पाव्हण्यांना सांगत होता, दोन इंजिनांचं होतं. मी व्हय म्हटलं. एकच होतं.