बोथट करून द्या

भाजीची सुरी घेऊन चिकाको धारवाल्या तोकुझोंच्या दुकानात बसली होती. तिच्या आधी नंबर होता म्हाताऱ्या फुसाएबाईंचा. त्यांनी फडक्यातून नवऱ्याचा, सेइकिचींचा, वस्तरा काढला.

“भावोजी, हा बोथट करून द्या.”

“धार लावून, म्हणायचंय ना वहिनी?”

“नाही, बोथटच. सलून बंद होऊन चार वर्षं झाली, ह्यांना काही आठवत नाही. तरी रोज सकाळी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजत बसतात. मला भीती वाटते.”

“कधी कापलं?”

“अजून तरी नाही.”

“वस्तऱ्यावर पाण्याचा एक डाग नाही.”

“कोरडा पुसून, तेलाचं बोट फिरवूनच ठेवतात. माझं नाव विसरले, ते नाही विसरले.”

“मग नखावर टेकवताच सेइकिचीला कळेल. काय सांगाल त्याला?”

“काल मला म्हणाले, ‘ताई, बसा, मान साफ करून देतो.’ चाळीस वर्षं माझी मान त्यांनीच साफ केली, भावोजी. काल मी बसले नाही. ते टॉवेल हातात धरून तासभर खुर्चीमागे उभे होते.”

चिकाकोने नजर खाली वळवली. धारेच्या दगडावर पाणी शिंपडल्याचा आवाज आला.

“हे काय करताय, भावोजी?”

“धार लावतोय. बोथट वस्तरा कातडीवर अडतो, मग माणूस जोर देतो, आणि तेव्हाच कापतं.”

“पण त्यांचा हात चुकला तर?”

“उद्या सकाळी मी येतो. दाढी वाढलीच आहे माझी. आधी मला बसू द्या त्या खुर्चीत.”