चोर कोणत्या सेक्टरमध्ये?

तुमाले हसू येईल, पण आमच्या घरी नवा कॉम्प्युटर आला ना, त्यात चोर पकडायचा एक खेळ होता. चोर या देशातून त्या देशात पळे, अन् आमची पिंकी खुणांवरून देश ओळखे.

एका दुपारी ती जोरात ओरडली, “मम्मी, चोर भाग गया! लाल टोपीवाला!”

आमची कारखान्याची कॉलनी सेक्टरा-सेक्टरात वाटलेली. शेजारचे बोरकरभाऊ नाइट शिफ्ट करून झोपले होते. ते लुंगीवरच काठी घेऊन दारात हजर. “वहिनी, कोणत्या सेक्टरकडे गेला?”

मी बोलायच्या आधीच पिंकी म्हणते, “काका, तिथं वाळवंट आहे, उंट आहे!”

भाऊ माझ्याकडे पाहून राहिले. “म्हणजे आपल्या बाजूच्या खुर्सीपार वस्तीच्या पलीकडे का?”

“इजिप्तमध्ये, काका!”

“भाऊ, खेळ आहे हो,” मी म्हटलं. त्यांनी स्क्रीन पाहिली, स्क्रीनच्या मागंही पाहिलं, अन् मान हलवत गेले. मले वाटलं, समजलं.

संध्याकाळी पाहते तर भाऊ सायकल खिडकीच्या जाळीले साखळीनं बांधून राहिले. मले विचारतात, “सापडला का?”

पिंकीच रडवेली होऊन बोलली, “नाही काका, ब्राझीलले पळाला.”

भाऊनं साखळी सोडली. “जाऊ दे बेटा. आपल्या सेक्टरमधून तर गेला!”